जिवाणूंना आपली गर्दी कळते कशी?

दातांवरच्या थराबद्दल गेल्या अंकात लिहिताना, जिवाणू एकमेकांना रासायनिक निरोप देतात, असं एक वाक्य आलं होतं. दात राहिले बाजूला, पत्रं आली ती सगळी त्या वाक्यावर. निवडक पत्रांना उत्तरं देते.

प्रश्न : जिवाणूला डोळे नाहीत, कान नाहीत, मेंदू नाही. मग आजूबाजूला आपलेच किती जण आहेत हे त्याला कळतं कसं? आमच्या सरांनी ‘क्वोरम सेन्सिंग’वर दोन ओळी डिक्टेट केल्या आणि पुढच्या धड्यावर गेले.
– बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, सीताबर्डी

उत्तर : सरांनाही परीक्षेआधी सिलॅबस संपवायचा असतो, तेव्हा त्यांना माफ करा.

पहिली गोष्ट म्हणजे इथे मोजणी कोणीच करत नाही. जिवाणू जगता जगता एक लहानसा रेणू तयार करतो आणि तो बाहेर झिरपतो. जिवाणू एकटा असेल तर रेणू पाण्यात विरून जातो. शेजारी तोच उद्योग करणारे लाखो असतील तर बाहेर रेणू साठत जातात आणि उलट आत शिरू लागतात. आत त्यांना धरणारं एक प्रथिन असतं. रेणू हाती लागला की ते डीएनएवर ठरलेल्या जागी जाऊन बसतं आणि काही जनुकं चालू होतात. बस, इतकंच. यात कोणी कोणाला उद्देशून काही म्हणत नाही, म्हणून ‘बोलणं’ हा शब्द मी जरा जपूनच वापरते.

हे उमगलं समुद्रातल्या चमकणाऱ्या जिवाणूंमुळे. नाव ॲलिव्हिब्रिओ फिशेरी, जुन्या पुस्तकांत व्हिब्रिओ फिशेरी सापडेल. १९७० च्या सुमारास हार्वर्डमध्ये केनेथ नील्सन आणि वुडलँड हेस्टिंग्ज हे जिवाणू ब्रॉथमध्ये, म्हणजे पोषक द्रवात, वाढवत होते. जिवाणू दुप्पट, चौपट होत जायचे, पण उजेड काही वाढायचा नाही. मग संवर्धन, म्हणजे जिवाणू वाढलेला तो द्रव, पुरेसं दाट झालं की उजेड एकदम उसळी घ्यायचा. दाट संवर्धन गाळून, सगळे जिवाणू काढून टाकून, उरलेलं नुसतं पाणी नव्या विरळ संवर्धनात घातलं तर तिथले मोजके जिवाणूही वेळेआधीच चमकू लागायचे. करामत पाण्यातल्या कशाची तरी होती. तो रेणू १९८१ मध्ये ओळखला गेला, तो एक होमोसेरीन लॅक्टोन निघाला. १९८३ मध्ये त्यामागची जनुकंही हाती आली. लक्स-आय रेणू बनवतं, लक्स-आर त्याला धरतं. खुबी अशी की लक्स-आरच्या हाती रेणू लागला की उजेडाच्या जनुकांबरोबर लक्स-आयसुद्धा जोरात चालू होतं. म्हणजे रेणू आणखी, त्यामुळे लक्स-आय आणखी. उजेड टप्प्याटप्प्याने न चढता एकदम भडकतो तो यामुळे. परीक्षेत हे चक्र काढून दाखवलंत तर गुण कापायला जागा राहत नाही.

त्याच्याही आधी, १९६५ साली, अलेक्झांडर टोमाश यांनी न्यूमोनियाच्या जिवाणूत असाच प्रकार दाखवला होता. जिवाणूंनी बाहेर सोडलेल्या एका पदार्थामुळे सगळं संवर्धन एकदम बाहेरचा डीएनए आत घ्यायला तयार व्हायचं. तेव्हा फार थोड्यांनी ते मनावर घेतलं.

या उजेडाचं करायचं काय, तर हवाईच्या किनाऱ्यावर बोटभर लांबीचा एक स्क्विड (मऊ अंगाचा समुद्री प्राणी) राहतो, तो या जिवाणूंना पोटाकडच्या एका खास अवयवात सांभाळतो. समुद्रात विरळ असलेले हे जिवाणू तिथे मिलिलिटरमागे हजार कोटींच्या घरात जातात. रात्री स्क्विड शिकारीला निघाला की त्याच्या खालच्या बाजूने वरच्या चांदण्याइतकाच उजेड पडतो. खालून बघणाऱ्या माशाला त्याची काळी आकृती दिसत नाही. पहाट झाली की तो नव्वद टक्क्यांहून अधिक जिवाणू बाहेर टाकून देतो आणि उरलेल्यांतून संध्याकाळपर्यंत पुन्हा गर्दी होते. विरळ असताना उजेड पाडणं म्हणजे निव्वळ शक्तीचा अपव्यय. जिवाणू तो करत नाहीत.

‘क्वोरम सेन्सिंग’ हे नाव १९९४ सालच्या एका लेखातून रूढ झालं. नागपूरकरांना क्वोरम वेगळा समजावून सांगायला नको. हिवाळी अधिवेशनात २८८ च्या सभागृहात एक दशांश, म्हणजे २९ आमदार हजर नसले की कामकाज अडतं. पण या तुलनेची एक बाजू लंगडी आहे आणि मला रस आहे तो त्या लंगड्या बाजूत. सभागृहात डोकी मोजतात. जिवाणूच्या बाबतीत सगळं अवलंबून असतं रेणूच्या तीव्रतेवर, आणि ती जितकी संख्येवर ठरते तितकीच जागेवरही ठरते. स्टॅफिलोकॉकस ऑरियसचा एकच जिवाणू अगदी चिमुकल्या बंद जागेत कोंडला तर त्याचाच रेणू त्याच्याभोवती साठतो आणि एकट्याचा क्वोरम भरतो. हे प्रयोगात दिसलं आहे. उलट वाहत्या पाण्याखाली जिवाणूंचा चांगला दाट थर असला तरी रेणू वाहून जातात आणि वरच्या भागातले जिवाणू आपण एकटेच असल्यासारखे वागतात. म्हणूनच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रोझमेरी रेडफील्ड यांनी २००२ साली खोचक सवाल टाकला. हे खरंच शेजारी मोजणं आहे, की आपण सोडलेली वस्तू इथे टिकते की वाहून जाते याची नुसती चाचपणी? अन्न विरघळवणारी विकरं बनवायला जिवाणूला फार खर्च येतो. ती वाहूनच जाणार असतील तर आधी एखादा स्वस्त रेणू सोडून बघणं शहाणपणाचं. मला विचाराल तर दोन्ही कामं एकाच यंत्रणेतून होतात, पण ‘जिवाणू समाज करून राहतात, सभा घेतात’ असल्या भाषणांवर रेडफील्डबाईंचा प्रश्न हा चांगला उतारा आहे.

आता हे डोळ्यांनी बघायचं असेल तर कॉलेजात क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियमचं सीव्ही०२६ हे वाण मागवायला लावा. मूळचा हा जिवाणू गर्दी झाली की गडद जांभळा होतो. या वाणाची रेणू बनवण्याची सोय मोडलेली आहे, धरणारं प्रथिन मात्र शाबूत आहे. त्यामुळे एकटं वाढवलं तर ते आगरवर, म्हणजे प्लेटमधल्या पोषक जेलीवर, मळकट पांढरं दिसतं. प्लेटवर त्याची एक आडवी रेघ ओढायची आणि तिच्या एका टोकाजवळ, पण तिला शिवू न देता, लहान साखळीचा, म्हणजे आखूड कार्बन-शेपटीचा, रेणू बनवणाऱ्या एखाद्या जिवाणूची उभी रेघ ओढायची. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं की जवळचं टोक वांग्याच्या सालीइतकं जांभळं झालेलं असतं, पुढे पुढे रंग उतरत जातो आणि लांबचं टोक पांढरंच राहतं. दोन रेघांच्या मध्ये नुसतं आगर असतं. त्यातूनच रेणू पोचलेला असतो. ज्या मुलांना धडा कळत नव्हता त्यांना ही प्लेट बघून कळलेला मी पाहिला आहे. एकच सूचना. याला साधारण ३० अंश तापमान लागतं, आणि नागपुरात मे महिन्यात साधा इन्क्युबेटर ३० अंशावर राहूच शकत नाही, कारण त्याला फक्त तापवता येतं. थंड करण्याची सोय असलेला बीओडी इन्क्युबेटर वापरा, आणि लाइट जाणार नाही असा दिवस बघा. म्हणजे प्रयोग शक्यतो जानेवारीतच करा.

प्रश्न : मॅडम, उन्हाळ्यात आमच्या इथं सकाळी विरजलेलं दही दुपारच्या आत आंबटढाण होऊन जाते. बारावीतली पोरगी म्हणते, जिवाणू एकमेकाले निरोप देऊन राहिले म्हणून इतकं लवकर होते. खरं काय बाप्पा?
– एक गृहिणी, सक्करदरा

उत्तर : पोरीला शाबासकी द्या, पण या वेळी निरोपाचा संबंध नाही. बाहेर ४४–४५ अंश असले की स्वयंपाकघरही चाळिशीला टेकतं, आणि दह्यातले लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस आणि स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस यांना ४०–४५ अंश म्हणजे मनासारखं हवामान. ते भराभर वाढतात, दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात, सामू ४.६ च्या आसपास आला की केसीन हे दुधातलं प्रथिन गोठतं आणि दही लागतं. लागल्यावरही ते थांबत नाहीत, म्हणून आंबट. विरजण कमी घालून फार फरक पडत नाही. दही लागलं की भांडं लगेच फ्रिजमध्ये.

हे दोघे एकमेकांना मदत करतात ते खरं. एक जण दुधाचं प्रथिन फोडून दुसऱ्याला लागणारी अमिनो आम्लं मोकळी करतो, दुसरा त्याबदल्यात फॉर्मिक आम्ल देतो. पण ही देवाणघेवाण खाण्याची झाली, संकेताची नाही. हा फरक विद्यार्थीसुद्धा विसरतात. एकाने टाकलेली वस्तू दुसऱ्याच्या उपयोगी पडली म्हणून ती निरोप ठरत नाही.

मुलीला अगदीच दह्याच्या घरातला निरोप हवा असेल तर तिला निसीनबद्दल वाचायला सांगा. लॅक्टोकॉकस लॅक्टिस या दुधातल्या जिवाणूची काही वाणं निसीन नावाचं छोटं प्रथिन सोडतात. शेजारच्या परक्या जिवाणूंच्या पटलाला ते भोकं पाडतं, आणि स्वतःच्या भाऊबंदांना तेच ‘आणखी निसीन बनवा’ असा संकेत ठरतं. चीजच्या पाकिटावर ई२३४ असं लिहिलेलं दिसलं तर तेच निसीन, टिकवण्यासाठी घातलेलं.

प्रश्न : वडिलांना काही महिन्यांपासून लघवीची नळी आहे. ज्या खासगी दवाखान्यात नेतो तिथे दर वेळी कल्चरमध्ये स्युडोमोनास निघतो, रिपोर्टवर औषधापुढे ‘सेन्सिटिव्ह’ लिहिलेलं असतं, ते औषध देतात, थोडे दिवस बरं वाटतं आणि पुन्हा ताप. मग रिपोर्ट खोटा का? व्हॉट्सॲपवर आलं आहे की लसूण जिवाणूंचं बोलणं बंद पाडतो. देऊ का?
– एक किराणा दुकानदार, इतवारी

उत्तर : रिपोर्ट खोटा नाही, तो वेगळ्या जिवाणूंचा आहे. म्हणजे जात तीच, राहणी वेगळी. प्रयोगशाळेत औषध तपासतात ते सुट्या, मोकळ्या वाढणाऱ्या जिवाणूंवर. नळीच्या आतल्या बाजूला ते सुटे नसतात. स्वतःच तयार केलेल्या चिकट पदार्थात रुतून थर करून बसलेले असतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. जुनी नळी काढल्यावर आतून बोट फिरवलं तर बुळबुळीत लागतं, तेच ते. या थरात खोलवरचे जिवाणू अर्धवट झोपेत असतात, आणि वाढत्या जिवाणूंना मारणारं औषध त्यांच्यावर फारसं चालत नाही. वरवरचे मरतात, ताप उतरतो, आतले पुन्हा वाढतात.

या थरात संकेतांचं काम मोठं आहे. १९९८ साली स्युडोमोनासवर झालेल्या एका गाजलेल्या प्रयोगात संकेतरेणू न बनवणारं वाण घेतलं. त्याचा थर पातळ, सपाट झाला आणि साबणासारख्या रसायनाने सुटून आला. बाहेरून रेणू घातला, तर थर पुन्हा नेहमीसारखा जाड आणि चिवट. तेव्हापासून जिवाणूंना न मारता त्यांचा संकेत अडवावा, या कल्पनेमागे पुष्कळ लोक लागले आहेत. कल्पना मला पटते, पण रुग्णाला देता येईल असं निव्वळ संकेत अडवणारं औषध अजून बाजारात आलेलं नाही. कोणी विकत असेल तर घेऊ नका.

लसणाबद्दल. लसणातला अहोईन हा पदार्थ प्रयोगशाळेत स्युडोमोनासचे संकेत खरोखर मंद करतो, तेव्हा निरोप अगदी हवेतला नाही. पण फुप्फुसात हाच जिवाणू असलेल्या, सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांना लसणाच्या कॅप्सूल देऊन ब्रिटनमध्ये एक छोटी चाचणी झाली, ती २०१० साली प्रसिद्ध झाली. ठोस फायदा दिसला नाही. वडिलांना भाजीत लसूण जरूर घाला, औषध म्हणून भरवू नका. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर जास्त लसणाबद्दल आधी डॉक्टरांना विचारा.

डॉक्टरांना आणखीही काही गोष्टी विचारा. नळीची अजून गरज आहे का, हे सगळ्यात आधी, कारण थर जातो तो नळीबरोबरच. नमुना घेण्याआधी नळी बदलली होती का? जुन्या नळीतून घेतलेला नमुना नळीचं सांगतो, मूत्राशयाचं नाही. आणि ताप, कंप, दुखणं काहीच नसताना केवळ रिपोर्टमध्ये जिवाणू निघाले म्हणून औषध द्यायचं का? जास्त दिवस नळी राहिली की जवळपास प्रत्येकाच्या लघवीत जिवाणू निघतातच. घरी इतकं सांभाळा की पिशवी मूत्राशयापेक्षा खाली राहील, नळी कुठे पिळवटणार नाही आणि जोड उगाच उघडला जाणार नाही. लघवी वाहती राहू द्या. मात्र ताप आला, कंप भरला किंवा वडील भ्रमिष्टासारखं बोलू लागले तर माझ्या उत्तराची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रश्न : एका जातीच्या जिवाणूचा निरोप दुसऱ्या जातीला कळतो का? आणि गर्दी होऊच दिली नाही तर आजार होणार नाही, असं मुलांना सांगितलं तर चालेल ना?
– एक शिक्षिका, मानकापूर

उत्तर : पहिल्याचं उत्तर, थोडा थोडा. होमोसेरीन लॅक्टोनला कार्बनची एक शेपटी असते आणि तिच्या लांबीवरून बहुतेक प्रथिनं आपला आणि परका ओळखतात. पण प्रिन्स्टनच्या बॉनी बॅस्लर यांनी दाखवलेला एआय-२ नावाचा रेणू कितीतरी जाती बनवतात. त्याच्या एका रूपात चक्क बोरॉन निघाला, हे २००२ साली कळलं. आपल्या आतड्यातल्या ई. कोलायची तऱ्हा तर औरच. तो लॅक्टोन स्वतः बनवत नाही, पण दुसऱ्यांचे धरायला एसडीआयए हे प्रथिन बाळगून असतो. आपण मौन आणि दुसऱ्याच्या दारी कानोसा! मातीतल्या बॅसिलस कुळातले काही याहून पुढे जातात, ते विकराने दुसऱ्याचे रेणू फोडूनच टाकतात.

दुसरं मात्र मुलांना सांगू नका. कॉलऱ्याचा जिवाणू नेमका उलटा चालतो. विरळ असताना तो आतड्याला चिकटतो आणि विष सोडतो (ते विष असतं, हे कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ साली सिद्ध केलं). गर्दी वाढून संकेत दाटले की विष बनवणं बंद, पकड सैल, आणि मंडळी जुलाबाबरोबर पुढचा माणूस शोधायला बाहेर. संकेत तोच, त्यातून काय करायचं ते प्रत्येकाच्या पोटापाण्यावर ठरतं.

प्रश्न : मॅडम, सोयाबीनच्या बियाण्याले जिवाणू खताचं पाकीट लावा म्हणते कृषी सहायक. मुळं अन् जिवाणू एकमेकाशी बोलते म्हणते. मागच्या साली लावलं, गाठी काही खास आल्या नाही. बोलणं फिसकटलं का?
– एक शेतकरी, काटोल तालुका

उत्तर : फिसकटलं असेल, पण बहुधा बोलणारेच पोचले नसतील.

इथे खरोखर दोन्हीकडून निरोप जातात. सोयाबीनचं मूळ जेनिस्टीन, डेडझीन असे पदार्थ मातीत सोडतं. ते लागले की ब्रॅडीरायझोबियम जिवाणू उत्तरादाखल नॉड फॅक्टर नावाचा रेणू बनवतो. तो मिळाला की मुळाचा केस वाकतो, जिवाणूला आत घेतो आणि तिथे गाठ धरते. रेणूची घडण जुळली नाही तर मूळ दाद देत नाही. म्हणून पाकिटावर पिकाचं नाव बघा. हरभऱ्याचं पाकीट सोयाबीनला चालत नाही.

आता तुमच्याकडे काय झालं असेल? बुरशीनाशक आणि जिवाणू एकत्र कालवले का? क्रम असा की आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, ते सुकलं की सगळ्यात शेवटी जिवाणू, १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम. सुकवायचं सावलीत आणि पेरायचं त्याच दिवशी. मुदत संपलेलं किंवा दुकानात पत्र्याखाली तापलेलं पाकीट असेल तर आत मेलेले जिवाणूच असतात. पेरताना युरिया जास्त पडला तरी झाड गाठी धरायचा कंटाळा करतं, आयतं नत्र मिळाल्यावर कोण कष्ट घेतो? आणि त्या वावरात दरसाल सोयाबीनच होत असेल तर हे जिवाणू मातीत आधीचेच असतात, मग पाकिटाने फार फरक दिसणारही नाही.

यंदा फुलोऱ्याच्या सुमारास एक झाड काढून बघा. उपटू नका, काळ्या मातीत गाठी तुटून खालीच राहतात आणि माणूस म्हणतो गाठीच नाहीत. फावड्याने ढेकळासकट काढा, बादलीत भिजवून मुळं सोडवा आणि दोन-चार गाठी नखाने फोडा. आतून गुलाबी-लाल निघाल्या तर काम चालू आहे, वरून युरिया टाकायच्या भानगडीत पडू नका. पांढऱ्या किंवा हिरवट निघाल्या तर कृषी सहायकाला वावरात बोलवा आणि त्याच्या समोर फोडून दाखवा.